वरून दिलेलं ऊन

४ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

बाबांचं जंगलाचं चित्र परवा पोचलं. तुझ्या वहिनीने तोंडभरून कौतुक केलं. मी मात्र त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलोय आणि मनात पाल चुकचुकते आहे.

बाबा आधी सगळीकडे पिवळा देतात, तो वाळला की वर हिरव्याचे पातळ थर. ऊन खालून राखायचं, वरून लावायचं नाही, म्हणून त्यांनी माझे कान उपटलेत. इथे ऊन चक्क पानांवर ठेवलंय! कोपऱ्यात सहीही नाही. त्यांची नजर अधू झाल्याचं तूच कळवलंस. खरं सांग, हा उद्योग तुझा ना? तसं असेल तर मला मुळीच आवडणार नाही.

आईला नमस्कार. उत्तर लगेच धाड.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भलत्यालाच पकडलंस. शाळेत माझी चित्रं कोण काढून द्यायचं, विसरलास?

संशय मलाही होताच. दुपारी बाबा झोपले की आई चित्रांच्या खोलीचं दार लावून घेते. विचारलं तर म्हणे ब्रश धुतेय. दोन-दोन तास? परवा कामावरून लवकर आले आणि खिडकीतून पाहिलं. बाबांनी हिरवा इतका चढवला होता की जंगलात नुसता अंधार. आई पानापानावर पिवळा ठेवत होती. मला पाहून रडलीच. म्हणाली, खालचं ऊन त्यांना दिसत नाही, ते बुजवून टाकतात. हे कळलं तर ब्रश कायमचा खाली ठेवतील.

दादा, अवाक्षर काढू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून धास्ती वाटते.

राग सोड, माया असू दे.

तुझी,
चिमी

१९ मार्च

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घे. सही का नाही, हे तू फारच आडून आडून विचारलंस. चिमीने दटावलेलं दिसतंय.

माझा थर वाळायला चार दिवस लागतात. हल्ली मी ते बोटाने तपासतो. एकदा वाळलेल्या झाडावर बोट चिकटलं. डोळ्याशी धरलं, तर पिवळा. घरात माझ्या रंगांना हात लावणारं दुसरं आहे कोण?

आधी संतापलो. मग चित्राला नाक टेकवून पाहिलं. ऊन छान आहे रे. चाळीस वर्षं तिने माझे ब्रश धुतले आणि मी कधी एक तिच्या हातात दिला नाही, याची लाज वाटली.

आता हिरवा मुद्दामच जास्त चढवतो आणि दुपारी झोप आली नाही तरी घोरतो. सहीचा कोपरा मात्र मोकळा सोडतो. अजून तिचं धाडस होत नाही.

तिला काही कळू देऊ नका. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझे,
बाबा