गुरुवारी पाच विरुद्ध चार

ती. लोवेल दाजी यांना मर्लचा मनापासून नमस्कार.

तुमचा नवा गुडघा कसा आहे? डार्लीनताई म्हणाली की तुम्ही काठी फेकून दिलीत आणि दुसऱ्या दिवशी तीच काठी शोधत गॅरेजभर लंगडत होतात. जपून राहा. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. हिची सर्दी गेली, माझी आली. बाकी गावात काय बोललं जातंय ते ताईच्या कानावर गेलंच असेल, पण ताईला ते आमच्या धाकट्या वहिनीनं सांगितलेलं असणार (आणि वहिनीला बास्केटबॉलमधलं फक्त पॉपकॉर्न कळतं), म्हणून खरं काय झालं ते मीच लिहितो.

तुम्हाला माहीतच आहे की यंदा माझ्या संघात मुली आठ आणि सगळ्यात उंच पाच फूट सहा. डिसेंबरात जिल्ह्याच्या गावच्या शाळेनं आम्हाला एकाहत्तर विरुद्ध एकोणीस असं धुतलं होतं. त्यांची सेंटरला खेळणारी मुलगी सहा फूट दोन इंच आहे, आणि स्वभावानं इतकी चांगली की चेंडू हिसकावताना सॉरी म्हणते. गुरुवारी बाद फेरीत पुन्हा तीच शाळा. मी तीन रात्री विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की चेंडू आपल्याकडे असला तर त्यांना गुण करता येत नाहीत. (हसू नका, भलेभले कोच ही गोष्ट विसरतात.) आपल्याकडे शॉट क्लॉक नाही, म्हणजे चेंडू किती वेळ धरलाय, बास्केटकडे कधी टाकणार, हे विचारणारं घड्याळच नाही. समोरचा अंगावर येत नाही तोवर धरून उभं राहा.

तर आमची जोलीन ओव्हरबेक मधल्या रेषेच्या पुढे चेंडू काखेत धरून उभी राहिली. त्यांचा कोच पर्सेल हट्टी माणूस. त्यानं आपल्या मुलींना बास्केटखालून हलू दिलं नाही. कोण आधी कंटाळतो ते बघू, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. पहिल्या आठ मिनिटांतली सात अशी गेली. बँडची चारही गाणी संपली, म्हणून त्यांनी राष्ट्रगीत परत वाजवलं, आणि सगळे टोप्या काढून परत उभे राहिले. पंच डेल मिंटननं जोलीनला पुढे काय शिकणार म्हणून विचारलं, ती नर्सिंग म्हणाली, मग त्यानं तिला आपला खांदा दाखवला. पलीकडचे लोक हुर्यो करत होते ते मी समजू शकतो, पण दुसऱ्या सत्रात आपलेही सामील झाले. आपले पास्टर, जे रविवारी सव्वा तास बोलतात, ते उठून म्हणाले, "मर्ल, आता आवर रे." मी ऐकलं नाही.

शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा आम्ही पाच विरुद्ध चार असे पुढे होतो. पर्सेलचा धीर सुटला आणि त्याच्या पाचही जणी जोलीनवर धावून आल्या. तिकडे बास्केटखाली आमची रेनी श्वार्ट्झ एकटी, हात वर करून. रेनी शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षं सरावाला सगळ्यांच्या आधी येते, आणि चार वर्षांत तिच्या नावावर एक गुण नाही. जोलीननं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दोन्ही हातांनी खूण केली, धरून ठेव.

आम्ही जिंकलो. बसमध्ये चढताना रेनी माझ्याजवळ थांबली.

"कोच, मी एकटीच होते तिथे. तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं."

"बरं," म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हटलं, शनिवारी तिला संधी देऊ. शनिवारी समोरचा संघ आमच्याच मापाचा होता, खेळ छान रंगला, आणि तीन मिनिटं उरली असताना ते दोन गुणांनी पुढे गेले. मग त्यांनी काय केलं असेल? आमच्या मुली चेंडूमागे धावतायत, चेंडू या हातातून त्या हातात. रेनीचं एकदा बोट लागलं, तेवढंच. आपले लोक ओरडत होते की ही काय खेळायची रीत झाली. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी पार रेषेपर्यंत जाऊन पंचाला म्हटलं की हा खेळ आहे का, लाज आहे की नाही. पंच डेल मिंटनच होता. तो शांतपणे म्हणाला, "मर्ल, गुरुवारी मीच होतो."

आम्ही हरलो. रेनीनं कपडे बदलले, चेंडू मोजून पिशवीत भरले (ते तिचं काम नव्हे, पण ती नेहमी करते), आणि माझ्याशी हात मिळवून घरी गेली. तिचा शाळेतला खेळ संपला. गुण शून्य.

ताईला नमस्कार, आणि गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
मर्ल

ता. क. तुम्ही राज्याच्या शालेय बास्केटबॉल समितीवर आहात म्हणून अकरा वर्षं मी तुम्हाला पत्रं पाठवतोय की शॉट क्लॉक आणू नका, लहान शाळांना तो चालवायला माणूस मिळणार नाही, मुलांना संयम शिकू द्या वगैरे. ती सगळी पत्रं फाडून टाका. या वेळी शॉट क्लॉकच्या बाजूनं मत द्या. पस्तीस सेकंदांत चेंडू टाकावाच लागला असता, तर तो रेनीकडे गेला असता. माणूस मी शोधतो.

ता. क. दुसरा. काल पुढच्या वर्षीच्या मुलींची उंची मोजली. सगळ्यात उंच पाच फूट चार. तेव्हा मत बाजूनंच द्या, पण बैठकीत घाई नको. शंका काढा, आकडेवारी मागवा, गुडघ्याचं निमित्त करून मधेच उठा. मतदान एका वर्षानं पुढे गेलं तर मला राग येणार नाही.