उजेडाबद्दल विचारायला आलेली बाई

आई, काल संध्याकाळी खाडीच्या तोंडावर पुन्हा उजेड दिसला म्हणे. आज लष्कराची गाडी गावात आलीय, घरोघर विचारत फिरतायत. आमच्याकडेही येतील. सकाळपासून मला तीच बाई आठवतेय.

तू उजेड पाहिलास तेव्हा मी कॉलेजात होते, रात्री तुझ्याच शेजारी अंथरूण घालत होते. तरी मला तू काही सांगितलं नव्हतंस. पोलीस पाटलानं वर कळवलं, चौकशी आली, आणि लष्कराच्या गणवेशातली ती बाई आपल्या दारात उभी राहिली तेव्हा मला कळलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. ओटीवर खुर्ची दिली तर नको म्हणाली आणि थेट चुलीपाशी तुझ्यासमोर मांडी घालून बसली. "मावशी, घाई नाही. आठवेल तसं सांगा." तू भाकरी थापत सांगत राहिलीस. वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढत होतीस, तेवढ्यात पाण्यावर नारिंगी गोळा आला, आवाज न्हाय, काय न्हाय, जरा थांबला नि सरळ वर गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी आहे. ती विचारते, "घाबरलात का?" तुझा हात थांबतो. "न्हाय गं बाय. मना वाटला, हिचा बापूस परत आला."

बाबा होडी घेऊन गेले ते गेलेच. त्यानंतर आपल्या घरात त्यांचं नाव निघालं नव्हतं. मी विचारलं की तू उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचीस. आणि तिला, एका परकीला, पहिल्याच भेटीत! तिनं पेन खाली ठेवलं, पिठानं भरलेला तुझा हात हातात घेतला. म्हणाली, "हे मी लिहीत नाही, मावशी." मी तांब्या तिच्यापुढे आपटला. तू माझ्यावरच ओरडलीस, "बघ ती कशी निवांत बसलीय. तुला घडीभर धीर न्हाय."

पुढं ती साध्या कपड्यांत एकदा सांगायला आली, तो उजेड कसला होता ते चौकशीत कळलं नाही म्हणून. तुला त्याचं काहीच नव्हतं. ती आली यातच तू खूश. सुकवलेले बोंबील बांधून दिलेस, वर एसटीपर्यंत सोडायला गेलीस. परत आल्यावर मी विचारलं, "मला का न्हाय सांगितलंस?" तू चप्पल काढता काढता म्हणालीस, "तू रडली असतीस. तिचा काय जातंय?"

मला रडायचंच होतं गं. तुझ्याजवळ बसून, बाबांसाठी, एकदा तरी. ते तू तिला देऊन टाकलंस. आज मी तुझ्या तेव्हाच्या वयाची आहे, तरी त्या बाईचा हेवा काही जात नाही.

तू गेल्यावर हे कुठं धाडणार आता. गाडी शेजारच्या दारात येऊन थांबलीय. मला काल काहीच दिसलं नाही. तरी मी मघाशीच साडी बदलून बसलेय.