कळशीवरचं सत्तावन

१३ ऑगस्ट, रविवार

गावाहून परत. कन्नडला बसल्यापासून उस्मानपुऱ्यात उतरेपर्यंत आत्या खिडकीबाहेरच बघत होती. भाजक्या शेंगांची पुडी घेऊन दिली, तीही हातात तशीच.

झालं ते एवढंच. अण्णांच्या देवघरात घराण्यातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे टाक आहेत. त्यात आजोबांचा आहे, आजीचा नाही. आत्यानं आज चुलतभावापुढं हात जोडले. "अण्णा, मपल्या मायचा टाक बसवा देवात. औंदाच्या घटाला तरी."

अण्णा सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "लग्नाची बायको देवात बसती. तिच्या लग्नाचा काही पुरावा असंल तर आण. म्या आडवा येत नाय. पर तुझ्या मायच्या लग्नाच्या कळशीवरच लिव्हलंय म्हनं, सन सत्तावन. आन तू तर एकुनपन्नासची."

पंचाहत्तरीला आलेल्या बाईला हे ऐकवायचं! गावात तिला अजून 'आधीची' म्हणतात. आई-बापाच्या लग्नाआधीची. अण्णा तर फोनवरसुद्धा मला म्हणतात, "आधीचीला दे जरा." वाईट हेतू नाही, नुसती सवय. म्हणूनच जास्त लागतं.

मी चहा न घेता उठले. आत्यानं मात्र आपला घेतला आणि कप विसळून ठेवला.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदन, घरी आल्यावर साबुदाण्याची खिचडी. आत्या आज बोलती झाली. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडं आहे, आठ गोष्टी दहादा सांगून झाल्यात, पण ही सलग कधी सांगितली नव्हती.

रझाकारांचं वर्ष. घरची सगळी माणसं आधीच घाट उतरून खानदेशात पळाली होती. आजोबा एकटे जनावरांपायी मागं राहिले. महिना-दोन महिन्यांनी तेही चाळीसगावला पोचले, पण एकटे नाही, बरोबर नवी नवरी. "लग्न लागलंय आमचं," म्हणाले. कुठं लागलं? तिच्या माहेरी, चार माणसांत, घाईघाईत. कुणी पाहिलं? आपल्याकडच्या कुणीच नाही.

तिथंच ठिणगी पडली. पोलीस ॲक्शन झाली, बाकीचे सगळे गावी परतले. आजोबा रागानं तिकडंच राहिले, जिनिंगमध्ये हमाली करत. आत्या तिकडं झाली, माझे बाबा तिकडं झाले. परत आले ते थेट सत्तावन साली, पोरांना घेऊन. सामानात ही पितळी कळशी. तिच्यावर लग्नाचा मजकूर आणि खाली सन ५७. भावकीनं आकडा पाहिला आणि निकाल देऊन टाकला: बघा, यायच्या आधी गुपचूप उरकून घेतलं. आजोबा एकदा सांगून चुकले होते, पुन्हा खुलासा करायला गेले नाहीत.

"माय म्हनायची, घाटात समदं टाकलं, कळशी टाकली नाय. बाप लई वरडला व्हता म्हनं, कशाला वझं."

ती कळशी आज माझ्या ओट्याखाली आहे. मी तिच्यात तांदूळ ठेवते.

२१ ऑगस्ट

रजा टाकून चाळीसगाव. लग्न सत्तावनचं तर सत्तावनचं, ते तरी कुठं सापडतंय का बघावं. निदान 'लग्न झालं होतं' एवढं तरी हाती लागेल.

नगरपालिकेच्या ऑफिसातल्या कारकूनबाई आधी हसल्या. "ताई, तेव्हा लग्नं नोंदवत कोण होतं? मांडव पडला, जेवणं झाली, संपलं." पण उठल्या. सत्तावन, त्याच्या अलीकडचं, पलीकडचं, सगळं काढून बघितलं. आजोबांचं नाव नाही. माझं तोंड बघून स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ पुढं केलं.

जिनिंगजवळची चाळ पाडली आहे. तिथं आता ट्रॅक्टरचं शोरूम. थोडा वेळ उन्हात उभी राहिले, उगाच.

थालीपीठ फार छान होतं. नाव विचारायचं राहिलं बाईंचं. लिहून ठेवते म्हणजे विसरायला नको: परक्या बाईनं माझ्यासाठी अर्धा दिवस धूळ खाल्ली.

२७ ऑगस्ट, रविवार

आजीच्या माहेरी जाऊन आले. कन्नडहून जीपनं. आजीच्या भावाच्या नातसुनेनं ओळख ना पाळख, पाट मांडला, पाणी दिलं. जुनं काही? "काय नाय हो. आमच्या सासूबाईनं समदं पितळ मोडीत घातलं. स्टीलचे डबे घेतले." आणि अभिमानानं डबे दाखवले. मीही बघितले, चांगले आहेत.

लग्न पाहिलेलं कुणी उरलं नाही. निघताना तिनं ओटी भरली. "आमच्या आत्याबाईची नात ना तुम्ही, मोकळं कसं लावू?"

चला, या घरी तरी आजीचं नातं कुणी तपासून घेतलं नाही.

३ सप्टेंबर

आत्या म्हणते राहू दे. "मला काय आता सोयरीक करायचीय का. माय बी गेली, बाप बी गेला."

मग दुपारभर कळशी घेऊन बसली. तांदूळ परातीत ओतले, चिंच-मीठ लावून घासली. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं एकदम लखलखीत. मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला. ह्यांचं आपलं चालूच, "तू सीआयडीत जायला हवी होतीस, शाळा कशाला धरलीस." हसू आलं नाही. आत्याचं 'राहू दे' मला सहन होत नाही. तिनं आयुष्यभर तेवढंच म्हटलं आहे.

५ सप्टेंबर

घाईत लिहितेय, अक्षर बघा काय आलंय.

शिक्षकदिन. मुलांनीच तास घेतले म्हणून आम्ही स्टाफरूममध्ये मोकळ्या. रुक्सानाला (विज्ञान शिकवते, औरंगपुऱ्याहून आमच्या रिक्षात येते) रडगाणं ऐकवलं आणि फोटो दाखवला. तिनं चष्मा वर केला. "अगं वैशाली, हे फसली असेल! निजामाचा सन."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे तेराशे सत्तावन. आमच्या अब्बांचं हेच झालं. पैदाइश फसली तेराशे बावन्नची. घरात नुसतं बावन्न बोलायचे. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलं एकोणीसशे बावन्न. बस! नोकरीत अठ्ठावन्न भरले तेव्हा अब्बा खरे सदुसष्टचे. सत्काराचा हार घातला तर दोघांनी धरून उभं करावं लागलं. घर में सबको मालूम था, लेकिन सरकार को कौन बोले?"

सगळी स्टाफरूम हसली. मी हसले नाही, मी पाठकोऱ्या कागदावर बेरीज करत होते. फसलीत पाचशेनव्वद मिळवायचे, ती म्हणाली. तेराशे सत्तावन म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. रझाकारांचंच वर्ष! आत्या एकोणपन्नासची.

आणि घाटापलीकडं खानदेशात निजामाचं राज्य नव्हतं, तिथं कळशीवर फसली सन कोण घालणार? म्हणजे कळशी घाटाच्या अलीकडची. लग्न अलीकडचं. मी चाळीसगावला सत्तावन सालात शोधत बसले होते!

रुक्सानाला तिथंच मिठी मारली. ती म्हणते, "अरे बस कर, बच्चे देख रहे."

तीच तारीख, नंतर

आत्याला सांगितलं. आधी कळेना. पुन्हा सांगितलं, बोटावर मोजून. मग कळलं.

आनंदली नाही. कळशी पुढ्यात ओढून घेतली. मग म्हणाली, "माय रोज घासायची गं हिला. अक्षरावरून बोट फिरवायची. मला वाटायचं मळ काढती."

आणि रडली. मीही.

आजीला वाचता येत नव्हतं. पण वर काय लिहिलंय हे तिला माहीत होतं. घाटातून तिनं तेवढंच वाचवून आणलं. आणि लोकांनी तेच तिच्या तोंडावर मारलं, तेव्हा तिला उलटून सांगता आलं नाही, कारण आकडा खरा होता. सत्तावनच होता.

१७ सप्टेंबर, रविवार

मुक्तिदिन. आत्या आणि कळशी, दोघींना घेऊन गावी. शाळेपुढं झेंडा झाला, मग दरवर्षीप्रमाणं अण्णा ओसरीवर बसून पोरांना घाटाची गोष्ट सांगत होते. पाच वर्षांचे होते, पायात काटा भरलेला, राघोजी नावाच्या माणसानं खांद्यावर घेऊन घाट उतरवला. मी लहानपणापासून ऐकतेय. आज मधेच कळशी पुढं ठेवली.

फसलीचं सांगितलं. अण्णा ऐकेनात. "तुमचं फसली-बिसली ऱ्हाऊ दे. तू मास्तरीण, कशाची बी बेरीज करशील. लगीन लावलेलं मानूस दाखव."

मी म्हटलं माणूस कुठून आणू, कळशीवर काय आहे ते पुरतं वाचते, मग बोला. आणि वाचलं: चि. सखाराम व चि. सौ. कां. पार्वती यांचे लग्नाप्रीत्यर्थ, देणार मामा राघोजी, सन ५७.

अडकित्ता थांबला. "कोन राघोजी?"

आत्या म्हणाली, "मायचा मामा. त्यानंच वाढवली तिला, त्यानंच लावून दिलं. माय राघूमामा म्हनायची."

"कोन्या गावचा?"

आत्यानं आजीच्या माहेराचं नाव सांगितलं.

अण्णांनी कळशी हातात घेतली. जन्मात पहिल्यांदा. भावकीतल्या कुणी आकड्याच्या वरचं वाचलंच नव्हतं. सत्तावन दिसलं, मग वरचं वाचायची गरज कुणाला? चष्मा घरात होता, तो मागवला नाही, बोटानंच चाचपत राहिले. मग म्हणाले, "राघोजी त्याच साली मेला. घाटातच. अजून मानसं आनाया माघारी गेला व्हता. फौज यायच्या आधी."

म्हणजे एकोणीसशे सत्तावन साली राघोजी या जगात नव्हताच. कळशी द्यायला कुठून येणार? मी तोंड उघडलं, तर आत्यानं माझा हात दाबला.

अण्णा एवढंच म्हणाले, "बघू." आणि धोतर सावरत शेताकडं गेले.

जाताना मी भांडायच्या तयारीत होते. येताना मात्र त्यांच्याबद्दल माया दाटून आली. ज्या माणसाची गोष्ट सांगत म्हातारे झाले, त्याच्याच भाचीला आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं, त्यांचा राघोजी आणि आत्याचा राघूमामा एकच म्हणून.

२४ सप्टेंबर

गावाकडून फोन नाही.

आत्या म्हणाली पितरपाठ लागायच्या आत टाक करायला देऊ. सराफ्यात गेलो. सोनारानं विचारलं, बाईचा ना, कसा काढू? आत्यानं सांगितलं, "डोक्यावर पदर आन कमरंवर कळशी." तो म्हणाला एवढ्याशा पत्र्यावर कळशी नीट उमटणार नाही, आजी. "नाय उमटली तरी काढ."

८ ऑक्टोबर

टाक आला. नखाएवढी कळशी आहे, नीट बघितलं तर दिसते. सोनारानं मनापासून काम केलंय. रुक्साना बघायला आली, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. आत्या आणि ती दोघी मिळून तिच्या अब्बांच्या सत्काराला पुन्हा हसल्या. त्या बिचाऱ्यांचं वय चुकलं म्हणून आमचं लग्न सापडलं. त्यांना जन्नत मिळो.

फोन नाही.

१४ ऑक्टोबर

सर्वपित्री. आत्यानं गच्चीवर घास ठेवला. कावळा लगेच आला.

दुपारी अण्णांचा फोन. मी उचलला. "गयाला दे."

आत्याला दिला. स्पीकरवर होता.

"गया, उद्याच्याला घट बसायचेत. लवकर या. येताना ती कळशी आना. घटाचं पानी तिच्यातलंच घेऊ."

"व्हय."

"राघोजीची हाय ती," असं म्हणून ठेवला.

टाकाचं अवाक्षर नाही. मी चिडले. म्हटलं आत्या, विचारायचं तरी, बसवणार की नाही! नुसती कळशी घेऊन काय करायचं? उद्या तिथं सगळ्यांसमोर पुन्हा नाही म्हणाले तर?

आत्या टाक रुमालात बांधत होती. तो कळशीत ठेवला, वरून फडकं बांधलं. मग माझ्याकडं बघून हसली. तिला असं हसताना मी पाहिलेलं नाही.

"नाय बोलले टाकाचं. पर आधीची बी नाय म्हनले."

सकाळची पहिली एसटी धरायची आहे. कळशी वरच्या फळीवर ठेवू देणार नाही म्हणते, मांडीवर घेऊन बसणार.