रोज विसरणारा कॉम्प्युटर

ताईला बाळ्याचा वाकून नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे. आईला एवढंच वाचून दाखव.

इथे परदेशात लोकांच्या नावांत इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर टिंबं नि तिरक्या रेघा असतात. त्या उमटाव्यात म्हणून ऑफिसच्या लिनक्स कॉम्प्युटरवर मी रोज सकाळी कीबोर्डची मांडणी बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी तो ती साफ विसरलेला असतो. कायमची बदलायला पासवर्ड लागतो. साहेबांकडे मागितला, तर म्हणाले, "अहो, तुम्हीच अजून कायम नाही, कीबोर्डची कसली घाई?"

आता माझ्या जागी नवा माणूस आलाय. पासवर्ड त्याला पहिल्याच दिवशी मिळाला. त्याला सगळं शिकवून झालं, की माझी रवानगी.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, माझ्या हाताखाली माणूस दिलाय.

तुझा,
बाळ्या