वरच्या तळ्यातले पाहुणे

कामिनिशी, सानुकी
१९ जून

प्रिय सुमिएताई,

तुझं जानेवारीतलं पत्र, खारवलेले मासे आणि गुडघ्याचं मलम, सगळं वेळेवर पोचलं होतं. उत्तराला जून उजाडला म्हणून रागावली असशील. इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, एरवी गप्प असतो. भातलावणी सुरू झाली आहे आणि बेडूक इतके ओरडतात की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. तुमच्या उत्तरेकडच्या ओतारू गावात आता कुठे उबदार वाटू लागलं असेल.

तू लिहिलं होतंस, तळं उपसून परके मासे काढण्याचा तो टीव्हीवरचा कार्यक्रम तू शेजारणींना बोलावून दाखवलास. मी चिखलात उभी राहून तो भलामोठा बास मासा दोन्ही हातांनी उचलते, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मोरिकाझुंचं, म्हणजे ह्यांचं, भाषण ऐकून तुझे डोळे भरून आले. "तुझ्या नवऱ्याने बाबांचं तळं वाचवलं," हे तुझं वाक्य मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हे चहा ओतत राहिले. मला वाटलं, संकोचले.

यंदा वसंतात तानागो फारसे दिसले नाहीत. तुला आठवतं ना, बाबा पाणी सोडायच्या कामावर जाताना आपल्याला बरोबर न्यायचे आणि काठावर पालथं झोपायला लावायचे? बोटाएवढे ते मासे, नर गुलाबी झालेले, आणि मादी आपली लांब नळी जिवंत शिंपल्यात खुपसून अंडी घालायची. तू शिंपला उघडून बघायचा हट्ट केला होतास आणि बाबांनी तुझ्या हातावर चापट मारली होती. पूर्ण खोऱ्यात आता ते मासे फक्त आपल्या वरच्या तळ्यात उरलेत. यंदा मला जेमतेम दोन-तीन गुलाबी ठिपके दिसले. मी म्हटलं, नोव्हेंबरात अख्खा गाव बूट घालून तळ्यात उतरला होता, शिंपले चिखलात दबले असतील. हे म्हणाले, मासे सावरायला एखादं वर्ष घेतात.

मेअखेरीस मी काठावरचं गवत कापायला गेले. पाणी नितळ होतं. उथळ भागात तळाशी गोल गोल खळगे दिसले, एकमेकांना लागून, जेवून उठलेल्या पंगतीने ताटं तशीच टाकून जावीत तसे. प्रत्येक खळग्यावर एकेक काळसर, चपटा मासा, गालाच्या टोकाला निळा डाग, जागच्या जागी हलत पहारा देत होता. ब्लूगिल, बासबरोबर उपसून काढलेला तोच परका मासा. एवढासा तानागो वाट चुकून एका खळग्याच्या कडेला आला, तर तो मासा सरळ त्याच्या अंगावर गेला. मी तिथेच थुंकले. पाण्यात थुंकू नये असं बाबांनी शिकवलं होतं, तरी थुंकले.

घरी आले तेव्हा हे उदोनच्या जाड शेवया उकळत होते. मी धापा टाकत सांगितलं. ह्यांनी पातेल्यात काड्या फिरवल्या आणि म्हणाले, "असतील. तेव्हा मोजतानाच काही कमी भरले होते."

मी म्हटलं, "कमी? कशापेक्षा कमी?"

ताई, उदोनचा लगदा झाला, तरी हे काड्या फिरवतच राहिले.

मग सगळं बाहेर आलं. उपसायच्या आधी टीव्हीवाल्यांचा माणूस पाहणीला आला होता. त्याने जाळं टाकून बघितलं. तानागो, कोळंबी, शिंपले, जे असायला हवं ते सगळं होतं. तो म्हणाला, तळं छान आहे, पण ह्यात दाखवायला काही नाही, दुसरं तळं बघतो. रोगी सापडत नाही म्हणून वैद्याने गाव बदलावं, तसलं बोलणं. हे दोन वर्षं त्या लोकांना पत्रं पाठवत होते. तळं वाचवा मंडळ काढलेलं, शाळेत व्याख्यानं झालेली, फलक रंगवून तयार. मग हे आणि दाताचे डॉक्टर कुरामित्सु, दोघांनी खालच्या धरणावरून ब्लूगिल आणि बास जिवंत आणले आणि वरच्या तळ्यात सोडले. गळाला लागलेले असले परके मासे जिवंत नेणं हा गुन्हा आहे, हे शाळेतल्या पोरांना ह्यांनीच शिकवलं होतं.

म्हणजे मी ज्याला "मेल्या, आमच्या तळ्यात शिरतोस काय?" म्हणून टीव्हीवर खिजवलं, तो मासा माझ्याच नवऱ्याने आमच्याच गाडीतून आणलेला पाहुणा होता.

आणि आणला कशात? माझ्या मुळा खारवायच्या पिंपात. नंतर त्याच पिंपात मी हिवाळ्याचा मुळा घातला. तुलाही पाठवला होता. उरला असेल तर टाकून दे. मी माझा टाकला आणि पिंप मागच्या अंगणात उलटं करून ठेवलंय, त्याच्याकडे बघवत नाही.

पण खरी किळस मला त्याचीही आली नाही. मी विचारलं, आता काय करायचं. तर हे मान वर करून, अगदी शांतपणे म्हणाले, "पुन्हा उपसू. ह्या वेळी तर खरेच परके मासे आहेत. ते लोक पुन्हा येतील." आणि ताई, ह्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. त्या क्षणी मला ह्यांच्या कपाळावरचा घाम, ओठाला चिकटलेला उदोनचा तुकडा, सगळ्याचीच शिसारी आली. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

मी गप्प बसले असते का, ठाऊक नाही. पण लावणीसाठी तळ्याचा दरवाजा उघडायची वेळ आली होती. पाणी सुटलं की त्याबरोबर ब्लूगिलची पिल्लं खालच्या सगळ्या तळ्यांत जाणार. दरवाज्यावर बारीक जाळी लावायला हवी होती, आणि जाळी का, हे सांगितल्याशिवाय कुणी लावू देणार नव्हतं.

पाणी सोडण्याआधी गावाची सभा असते, तिच्या आदल्या दिवशी कुरामित्सु बीनच्या गोड वड्यांचा खोका घेऊन आले. म्हणाले, गावाची अब्रू आहे, वहिनी, समजून घ्या. माझी खालची दाढ ह्याच माणसाने बसवलेली. तो बोलत होता आणि जीभ सारखी त्या दाढेवर जात होती. खोका मी त्यांच्या सायकलच्या टोपलीत परत ठेवला.

सभेत उभं राहून मी सगळं सांगितलं. हे पहिल्या रांगेत होते. कुणी ओरडलं नाही, कुणी ह्यांच्याकडे बघितलंही नाही. सभापती आशिहारांनी घसा खाकरून विचारलं, "जाळीत शेवाळ अडकतं, पाणी तुंबतं. ती साफ कोण करणार?" तळ्याचं कुणी विचारलं नाही. पोरांना प्रशस्तिपत्रकं वाटून झालीत, आता हा विषय कशाला, असं मागून कुणीतरी पुटपुटलं.

मी म्हटलं, मी करीन.

तेव्हापासून रोज मी आणि इसायोवहिनी दरवाज्यावर असतो. इसायोवहिनी म्हणजे पुलापलीकडच्या विधवा, ज्यांचं शेत सगळ्यात शेवटी भिजतं. सभेत त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या सकाळी दाताळं खांद्यावर टाकून हजर. आम्ही आधी ब्लूगिलच्या अंड्यांचे ते खळगे मोडतो, मग जाळी खरवडतो. शेवाळात नखाएवढी पिल्लं वळवळतात, पारदर्शक, नुसते डोळे आणि पोट. ओंजळीने काढून डब्यात टाकते, तेव्हा अंगावर काटा येतो. त्यांचा काय दोष, असंही वाटतं, आणि तरी टाकते. तानागो किती उरलेत, कुणाला माहीत नाही. परवा इसायोवहिनींना एक जिवंत शिंपला सापडला. त्यांनी तो तान्हं मूल पदराखाली धरावं तसा हळूच खोल पाण्यात ठेवला.

गेल्या रविवारी हे आले. स्वच्छ धुतलेले बूट, हातात नवं जाळं. बांधावर उभे राहिले. मग विचारलं, "कुठून सुरुवात करू?"

मी वर न बघता म्हटलं, "शाळेपासून."

ते तसेच परत गेले. पोरांना खरं सांगायला शाळेत अजून गेलेले नाहीत. रोज कोट काढून झटकतात आणि पुन्हा अडकवतात. मी त्यांचं जेवण झाकून ठेवते. बरोबर बसत नाही, बसवत नाही.

ताई, तू लगेच निघून ये असं नाही. माझ्यासाठी रडूही नकोस. तुला सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं. पाकीट मी चिकटवलेलं नाही. टपालात टाकायला ह्यांच्याच हाती देतेय. पत्र तुझ्यापर्यंत आलं, तर ह्यांनी एवढं तरी केलं असं समज.

तुझी,
हात्सुए