ओंडक्याची शेहेचाळीस मिनिटं

३ तारीख, मंगळवार
पाणी आधी आलं, धरणाचा भोंगा मग वाजला! दादाची होडी नदीच्या मधोमध, आत सात माणसं. दोर हाताशी होता म्हणून वाचले. मी धरणावर पाण्याची नोंद ठेवते, आणि माझ्याच भावाला बुडवायला निघालो होतो आम्ही! साहेब म्हणे, "दोन मिनिटं इकडे-तिकडे व्हायचंच." दोन मिनिटं!!

४ तारीख
आज मीच घाटावर उभी राहिले. दरवाजा उघडल्याचा फोन आला, घड्याळ लावलं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाट हजर. अंतर चार हजार दोनशे मीटर — म्हणजे मिनिटाला दीडशे. पाणी चढून ओसरायला वीस मिनिटं लागली. तोंडापासून शेपटीपर्यंत तीन किलोमीटर लांब लाट! आणि भोंगा? तिसाव्या मिनिटाला!

साहेबांनी जुना तक्ता नाकासमोर धरला. "पाण्यात ओंडका सोडून मोजलंय. घाटापर्यंत शेहेचाळीस मिनिटं लागतात. सोळा मिनिटं आधी भोंगा देतो, अजून काय हवं?" अहो, ओंडका पाण्याबरोबर वाहतो, लाट पाण्याच्या पुढे पळते! रांगेत मागच्याने ढकललं की पुढचा पडतो — मागचा चालत जातो का तिथवर? पालथ्या घड्यावर पाणी. तक्त्याखाली कोणाची सहीसुद्धा नाही!

५ तारीख
डोकं दुखतंय. साहेबांशी बोलले नाही.

६ तारीख
सोमवारी चार दरवाजे उघडणार. दादाला म्हटलं, होडी काढू नकोस. हसला. "वीस वर्षं त्या भोंग्यावर होडी चालवतोय. तू कालची पोर!"

बाबांना सगळं सांगितलं. उभा जन्म याच ऑफिसात काढलेला माणूस! वाटलं, उद्याच जाऊन साहेबांची खरडपट्टी काढतील. तर म्हणाले, "जाऊ दे, साहेब आहेत ते." जेवलेही नाहीत. इतका संताप आला! पोटचा पोर पाण्यात, आणि बाप शेपूट घालतो!

७ तारीख
वरच्या कार्यालयाला तक्रार लिहिली. आकडे दिले, भोंगा दरवाज्याबरोबरच वाजवा म्हटलं. शेवटी ठणकावून लिहिलं — "हा तक्ता करणाऱ्या शहाण्याचं नाव जाहीर करा." सही केली, टेबलावर ठेवली. उद्या रविवार असला तरी स्वतः नेऊन देणार.

८ तारीख, रविवार
माझ्या सहीखाली बाबांचं अक्षर. "ओंडका मी सोडला होता. मुलीचा आकडा बरोबर आहे." खाली पूर्ण नाव, सही.

दारात त्यांच्या चपला नाहीत. घाटावर गेलेत, दादाकडे.