भाऊजींच्या पोटाचा घेर

१३ मार्च, होळी. संध्याकाळ.

आज मी माझ्या दिराला भरल्या पंगतीत टेप लावून मोजलं. फार झालं का? नाही.

भाऊजी खडकीहून पुरणपोळी खायला आले. पंधरवड्यापूर्वी एका बारशात ते माझ्या लेकीला, रेवाला, म्हणाले होते, "कमी खा, नवरा मिळायचा नाही." तेव्हापासून सोळा वर्षांची पोर रात्री जेवत नाही. आज तिने दुसरी पोळी घेतली, तर त्यांनी तिच्या ताटातली तुपाची वाटीच उचलली. तुपाची वाटी!

मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. "उभे राहा, भाऊजी." सदरा शिवून मिळणार असं वाटलं की काय, लगेच उभे राहिले.

"चव्वेचाळीस इंच!" मी शेजारी ऐकू जाईल अशी ओरडले. शिमगाच आहे, बोंब मारायची मुभा असते.

"वहिनी, माझं आता वय झालंय."

"आणि तिचं वाढायचं वय आहे. वाटी ठेवा."

ठेवली. आमचे हे पुटपुटले, "अगं, सणाच्या दिवशी..." यांना सण आत्ता आठवला.

रेवा खूप हसली. मला वाटलं, जिंकले. मग भांडी आवरताना हळूच म्हणाली, "आई, मजा आली. पण सगळे माझ्या ताटाकडे बघत होते गं."

भाऊजींचा अपमान धुळवडीपर्यंत विरेल. ही न लाजता पोळी मागेल, त्या दिवशी त्यांना माफ करायचं की नाही, याचा विचार करीन. फक्त विचार.